जठर लहान झाल्यावर : आहारातील पिष्टमय पदार्थांचा विचार

स्थूलत्व हा केवळ शहरातील सुखवस्तू लोकांचा विकार होय, ही समजूत आता मागे पडली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी २४ टक्के, तर पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के व्यक्तींचे वजन प्रमाणाबाहेर असल्याचे आढळून आले. त्याच पाहणीत याच वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचेही दिसून आले. म्हणजे अतिवजन आणि निकृष्ट पोषण या दोन्ही गोष्टी एकाच गावात, किंबहुना एकाच घरात नांदू शकतात. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

ज्या व्यक्तींचे वजन आहार व व्यायाम यांनी कमी होत नाही आणि ज्यांना मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास कोंडणे असे विकार जडलेले असतात, त्यांपैकी काहींना तज्ज्ञ डॉक्टर वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. आदिलाबाद जिल्ह्यातील रुग्णाला अशा उपचारासाठी बहुधा हैदराबाद किंवा नागपूर गाठावे लागते. एक शहर सुमारे ३०० किलोमीटर, तर दुसरे सुमारे २०० किलोमीटर अंतरावर आहे. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते व थोड्याच दिवसांत रुग्ण घरी परततो. परंतु खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. रुग्णालय दूर राहते. जवळ असतात ते घरातील स्वयंपाकघर, शेजारी, गावातील आरोग्यसेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. जेवणानंतर पोटात कळ येणे, जुलाब होणे, छातीत धडधडणे किंवा दोन तासांनी एकाएकी भोवळ येणे, असे त्रास अशा वेळी उद्भवले तर त्यांचा अर्थ लावावयास कोणी नसते. शस्त्रक्रिया बिघडली, अशी शंका येते. क्वचित बाहेरची बाधा मानून अंगारे-धुपारे केले जातात. वस्तुतः यांपैकी बहुतेक तक्रारींचे मूळ ताटातच असते आणि आहारातील पिष्टमय पदार्थांची योग्य मांडणी केल्याने त्या पुष्कळ अंशी शमतात. ही मांडणी कशी करावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जठराचे कार्य आणि शस्त्रक्रियेने होणारा बदल

जठर ही केवळ अन्न साठवण्याची पिशवी नव्हे. घासाघासाने आलेले अन्न ते घुसळते, त्यात आम्लरस मिसळते आणि त्याचा पातळ लगदा करून थोडा थोडा लहान आतड्यात सोडते. जठराच्या शेवटी स्नायूंचे एक वर्तुळाकार दार असते. त्यास जठरनिर्गम म्हणतात. शेताच्या पाटाला बारे असते, तसे हे दार होय. बारे हळूहळू उघडले तर पाणी वाफ्यात मुरते. एकदम फुटले तर वाफा वाहून जातो.

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियांपैकी दोन प्रकार विशेष प्रचारात आहेत. पहिल्या प्रकारात जठराचा मोठा भाग काढून टाकून उरलेल्या भागास सदऱ्याच्या बाहीसारखा अरुंद आकार दिला जातो. यास स्लीव्ह शस्त्रक्रिया म्हणतात. सामान्यतः एक लिटर किंवा त्याहून अधिक अन्न सामावणाऱ्या जठरात त्यानंतर सुमारे १०० ते १५० मिलिलिटर एवढेच अन्न मावते. दुसऱ्या प्रकारास बायपास म्हणतात. त्यात जठराच्या वरच्या भागाची सुमारे ३० मिलिलिटरची लहानशी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागास जोडतात. खालचे जठर, जठरनिर्गमाचे दार आणि लहान आतड्याचा आरंभीचा भाग हे सर्व अन्नाच्या मार्गातून वगळले जातात. बायपासची ही पद्धत अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन व चिकाशी इटो या शल्यविशारदांनी १९६६ च्या सुमारास सुरू केली. पुढे तीत पुष्कळ सुधारणा झाल्या व आज ती दुर्बिणीच्या साहाय्याने लहान छिद्रांतून केली जाते.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. अन्न पूर्वीपेक्षा फार लवकर आतड्यात उतरते. बायपासमध्ये बारेच उरत नाही. स्लीव्हमध्ये ते कायम असले तरी मागील पिशवी अरुंद झाल्याने दाब वाढतो व अन्न वेगाने पुढे सरकते.

अन्न एकदम ओतले जाते तेव्हा

या प्रकारास वैद्यकात ‘डंपिंग’ म्हणतात. गाडीतील माल एकदम उपडा करावा, तसे अन्न आतड्यात ओतले जाणे, असा त्याचा अर्थ. हा विकार नवा नाही. व्हिएन्ना येथे १८८१ मध्ये बिलरोथ या शल्यविशारदाने जठराचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली. त्यानंतर जठराच्या शस्त्रक्रिया वाढल्या आणि जेवणानंतर होणाऱ्या या त्रासाचे वर्णन १९१३ मध्ये हर्ट्झ यांनी केले. ‘डंपिंग’ हा शब्द १९२२ मध्ये मिक्स यांनी वापरला. पोटातील व्रणावर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय होता, त्या काळातील डॉक्टरांना हा विकार चांगला परिचयाचा होता. १९७० नंतरच्या दशकात आम्ल कमी करणारी प्रभावी औषधे आली, त्या शस्त्रक्रिया मागे पडल्या आणि विकारही विस्मृतीत गेला. आता स्थूलत्वावरील शस्त्रक्रियांमुळे तो पुन्हा समोर आला आहे.

जेवणानंतर साधारणपणे १० ते ३० मिनिटांत, फार तर तासाभरात होणाऱ्या त्रासास लवकर होणारे डंपिंग म्हणतात. साखर, गूळ, सरबत किंवा गोड चहा यांतील शर्करा पाण्यात आधीच विरघळलेली असते. अशी दाट शर्करा एकदम आतड्यात उतरली की तिला पातळ करण्यासाठी रक्तातील पाणी आतड्यात ओढले जाते. आतडे फुगते, पोटात कळा येतात, गुडगुडते व जुलाब होतात. इकडे रक्तवाहिन्यांतील पाणी घटल्याने हृदय वेगाने धडधडते, घाम सुटतो, चेहरा लाल होतो आणि आडवे पडावेसे वाटते. आतड्यातून स्रवणारी काही प्रवर्तके या त्रासात भर घालतात. हा प्रकार शस्त्रक्रियेनंतर लवकरच सुरू होतो आणि खाण्याची शिस्त पाळल्यास बहुतेकांत काही महिन्यांत सौम्य होतो.

दोन तासांनी येणारी भोवळ

दुसरा प्रकार अधिक फसवा व अधिक धोक्याचा आहे. तो जेवणानंतर एक ते तीन तासांनी होतो आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेनंतर वर्षभर किंवा त्याहूनही उशिरा प्रथम दिसतो. त्यामुळे शस्त्रक्रियेशी त्याचा संबंध कोणाच्या ध्यानीमनीही येत नाही.

याचे कारण असे. शर्करा झपाट्याने रक्तात शिरली की आतड्यातील प्रवर्तके अग्निपिंडास इशारा देतात आणि अग्निपिंड इन्शुलिनचा मोठा पुरवठा करते. परंतु शर्करेची लाट जशी वेगाने येते, तशीच वेगाने ओसरते. इन्शुलिन मात्र आपले कार्य करीतच राहते. परिणामी रक्तातील शर्करा प्रमाणाखाली, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरते. हातपाय कापतात, घाम येतो, भूक खवळते, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणे असंबद्ध होते. क्वचित शुद्ध हरपते. वाहन चालविणारी, विहिरीवर पाणी शेंदणारी किंवा चुलीपाशी बसलेली व्यक्ती अशा वेळी अपघातात सापडू शकते.

येथे एक पेच आहे, तो नीट समजून घेतला पाहिजे. भोवळ आली की लोक साखरपाणी देतात आणि रुग्णास लगेच बरे वाटते. हा तात्कालिक उपाय योग्यच आहे. रुग्ण शुद्धीवर असून त्यास गिळता येत असेल, तर सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी. मात्र तेवढ्यावर थांबले तर त्याच साखरेने पुन्हा इन्शुलिन उसळते आणि दोन तासांनी दुसरा झटका येऊ शकतो. म्हणून बरे वाटताच मूठभर शेंगदाणे, उकडलेले अंडे किंवा पनीर असा प्रथिनयुक्त पदार्थ खावयास द्यावा. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. अशा व्यक्तीस एका कुशीवर वळवून तत्काळ रुग्णालयात न्यावे.

साखर हा झटक्यावरील उतारा आहे. झटक्यावरील प्रतिबंध नव्हे. ‘भोवळ येऊ नये म्हणून’ दिवसभर गोड खात राहणे हे या विकाराला निमंत्रण देण्यासारखे आहे.

पोटफुगी आणि वायू

तिसरी तक्रार पोटफुगीची. लहान आतड्यात न पचलेली पिष्टमय द्रव्ये मोठ्या आतड्यात पोहोचली की तेथील जंतू त्यांना आंबवतात व वायू निर्माण होतो. बायपासनंतर अन्न व पाचकरस यांची गाठ उशिरा पडते, म्हणून हे अधिक घडते. काहींच्या बाबतीत लहान आतड्यातच जंतूंची अवास्तव वाढ होते. त्यास डॉक्टरांकडून औषध घ्यावे लागते. काहींना दुधातील शर्करा पचेनाशी होते व पूर्वी सहज पचणारे पेलाभर दूध त्रास देऊ लागते. अशांनी दूध सोडून घट्ट दही किंवा पनीर घेऊन पाहावे. वाटाणा, राजमा, कोबी व कांदा हे पदार्थ आरंभी जपून, एका वेळी एकच, थोड्या प्रमाणात सुरू करावेत. म्हणजे कोणता पदार्थ सोसत नाही, हे कळून येते. कडधान्ये आठ-दहा तास भिजवून, ते पाणी टाकून देऊन शिजविल्यास त्रास कमी होतो.

काय कमी करावे, काय ठेवावे

पिष्टमय पदार्थ कमी करावे, याचा अर्थ भाकरीवर बहिष्कार घालावा असा नव्हे. पिष्टमय पदार्थांचे आपल्या दृष्टीने तीन गट पडतात.

पहिल्या गटात साखर, गूळ, मध, काकवी, सरबत, उसाचा रस, फळांचा गाळलेला रस, शीतपेये, मिठाई व गोड चहा येतात. हे पदार्थ शक्यतो वर्ज्य समजावेत. गूळ व मध नैसर्गिक असल्याने चालतात, हा गैरसमज आहे. आतड्यात पोहोचल्यावर त्यांचे वर्तन साखरेहून फारसे वेगळे नसते. आदिलाबादच्या वनभागात मोहाची फुले वेचली जातात व त्यांचे तीळ-शेंगदाणे घातलेले लाडू होतात. वाढत्या वयाच्या निरोगी मुलांना ते पौष्टिक आहेत. परंतु मोहाच्या फुलांत शर्करा फार असते, म्हणून अशी शस्त्रक्रिया झालेल्यांना ते सोसणार नाहीत.

दुसऱ्या गटात पांढरा भात, मैद्याचे पदार्थ, पाव, बिस्किटे, पोहे, मुरमुरे, साबुदाणा व पातळ पेज येतात. यांत साखर नसली तरी पिठूळ अंश लवकर पचून त्याची शर्करा होते. हे पदार्थ अल्प प्रमाणात व डाळ, अंडे, मासे यांच्या जोडीनेच घ्यावेत.

तिसऱ्या गटात ज्वारी, बाजरी, डाळी, कडधान्ये, पालेभाज्या, फळभाज्या आणि सालीसकट किंवा गरासह खाल्लेली फळे येतात. यांतील चोथ्यामुळे शर्करा सावकाश सुटते. दैनंदिन पिष्टमय अन्न याच गटातून घ्यावे.

या दृष्टीने आदिलाबाद जिल्हा सुदैवी आहे. ज्वारी हे या भूमीचे जुने अन्न. कापूस व सोयाबीन यांनी शेते व्यापली आणि शिधावाटपाच्या तांदळाने ताटातील भाकरीची जागा घेतली, तरी जैनथ, बेला या तालुक्यांतील आणि किनवट परिसरातील मराठी घरांतून भाकरी अद्याप नाहीशी झालेली नाही. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने व तितकाच चोथा असतो. पॉलिश केलेल्या तांदळात प्रथिने सुमारे ८ ग्रॅम व चोथा जेमतेम ३ ग्रॅम असतो. मात्र धान्य तेच असले तरी त्याचे रूप महत्त्वाचे आहे. चावून खाल्लेली भाकरी सावकाश उतरते. त्याच ज्वारीची पातळ, गूळ घातलेली आंबील झरझर उतरते. म्हणून आजाऱ्यास हलके म्हणून पातळ पेज व आंबील देण्याची आपली रीत येथे उपयोगी पडत नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे याला अपवाद होत. त्या काळात प्रथम द्रव, मग गाळलेला घट्ट, मग मऊ आणि साधारणपणे दीड-दोन महिन्यांनी नेहमीचा आहार, असा क्रम रुग्णालय ठरवून देते. तो क्रम आपल्या मनाने बदलू नये. द्रव आहारातही साखरेचे पाणी व फळांचा रस यांऐवजी डाळीचे पाणी, पातळ ताक व रुग्णालयाने सांगितलेली प्रथिनांची भुकटी यांवर भर असावा.

घरगुती मोजमाप

उशिरा होणाऱ्या डंपिंगचा त्रास असणाऱ्यांनी एका जेवणात सुमारे ३० ग्रॅम आणि मधल्या खाण्यात सुमारे १५ ग्रॅमपर्यंतच पिष्टमय द्रव्ये घ्यावीत, असा आहारतज्ज्ञांचा सर्वसाधारण सल्ला असतो. हा हिशेब घरगुती मापात असा मांडता येईल. ५० ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत सुमारे ३४ ग्रॅम पिष्टमय द्रव्ये असतात. म्हणजे पाऊण भाकरी हे जेवणातील पुरेसे प्रमाण झाले, कारण बरोबरच्या डाळीतही थोडा अंश असतो. ४० ग्रॅम कच्च्या तांदळाच्या भातात सुमारे ३१ ग्रॅम असतात. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम भरतात, म्हणून अर्धेच केळे घ्यावे. एक चहाचा चमचा साखर म्हणजे ५ ग्रॅम. कार्यालयात दिवसभरात दोन-दोन चमचे साखरेचे पाच कप चहा घेणारा मनुष्य ५० ग्रॅम साखर नकळत पोटात घालतो. ५० ग्रॅम साबुदाण्यात ४० ग्रॅमहून अधिक पिष्ट असते व प्रथिने जवळजवळ नसतात.

वही व पेन्सिल हे या विकारातील स्वस्त व उत्तम साधन आहे. काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि त्यानंतर किती मिनिटांनी कोणता त्रास झाला, हे दोन आठवडे लिहून ठेवावे. अर्ध्या तासातील त्रास व दोन तासांनंतरचा त्रास यांत फरक दिसून येईल आणि तपासणीस जाताना ही वही डॉक्टरांना फार उपयुक्त ठरेल.

ताटाचा क्रम आणि पाणी

काय खावे याइतकेच कसे खावे हेही महत्त्वाचे. प्रथम डाळ, उसळ, अंडे, मासे किंवा मांस यांतील प्रथिनांचा भाग खावा. नंतर भाजी आणि सर्वांत शेवटी भाकरी किंवा भात. आपल्या रीतीच्या हे उलट आहे, परंतु लहान जठरात प्रथम भाकरी भरली तर डाळीस जागाच उरत नाही. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. प्रत्येक घास बारीक चावावा व जेवणास २० ते ३० मिनिटे द्यावीत. पोट भरल्याची पहिली जाणीव होताच थांबावे. ‘आणखी एकच घास’ हा आग्रह येथे आजार ठरतो.

जेवताना पाणी पिऊ नये व जेवणानंतर किमान अर्धा तास थांबावे. पाण्याबरोबर अन्न लवकर वाहून जाते. मात्र दोन जेवणांमधील काळात घोट घोट करून दिवसाचे पाणी पुरे करावे. अन्यथा उन्हाळ्यात शरीर शुष्क होईल व बद्धकोष्ठ जडेल. लवकरच्या डंपिंगमध्ये गरगरू लागल्यास जेवणानंतर अर्धा तास आडवे पडल्याने आराम वाटतो.

पथ्य पाळूनही त्रास न थांबल्यास डॉक्टर चोथायुक्त पूरके किंवा पिष्टाचे पचन मंद करणारी औषधे देतात. ती आपल्या मनाने घेऊ नयेत. मधुमेहाच्या रुग्णांनी तर विशेष सावध असावे. आहारातील पिष्ट कमी केले आणि पूर्वीच्या गोळ्या किंवा इन्शुलिन त्याच प्रमाणात चालू ठेवले, तर रक्तातील शर्करा धोकादायक रीतीने घसरते. म्हणून आहार बदलण्यापूर्वी औषधांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

अतिरेक टाळावा

पिष्टमय पदार्थ कमी केल्याने आराम वाटतो असे दिसताच काही रुग्ण अन्नच सोडू लागतात. हा मार्ग घातक आहे. अशा शस्त्रक्रियेनंतर प्रौढ व्यक्तीस दिवसास सामान्यतः किमान ६० ग्रॅम प्रथिने मिळावी लागतात. एका अंड्यातून ६ ते ७ ग्रॅम, ३० ग्रॅम तुरीच्या डाळीतून तितकीच, ३० ग्रॅम शेंगदाण्यांतून सुमारे ७ ग्रॅम व ५० ग्रॅम पनीरमधून सुमारे ९ ग्रॅम प्रथिने मिळतात. सोयाबीनमध्ये तर १०० ग्रॅमला ३५ ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. ज्या जिल्ह्याच्या शिवारात सोयाबीन व तूर पिकते, तेथील ताटात ती क्वचितच पुरेशी दिसावीत, ही खेदाची गोष्ट होय. सोयाबीन मात्र भिजवून व पूर्ण शिजवूनच खावे.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेचा इतिहास या संदर्भात बोधप्रद आहे. रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी १९१८ मध्ये कुन्नूर येथे बेरीबेरी या रोगाच्या चौकशीसाठी जे लहानसे केंद्र सुरू केले, त्यातून ही संस्था वाढली; १९५८ मध्ये ती हैदराबादेस आली. बेरीबेरी हा थायमिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा रोग. तो इतिहासजमा झाला असे वाटत असतानाच, शस्त्रक्रियेनंतर सतत उलट्या होणाऱ्या व अन्न न घेणाऱ्या रुग्णांत थायमिनचा तसाच अभाव उद्भवतो, असे आढळले आहे. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे व मनाचा गोंधळ ही त्याची चिन्हे होत. उपचारास विलंब झाल्यास मेंदूस कायमची इजा होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी अशा रुग्णास शिरेतून ग्लुकोज देण्यापूर्वी थायमिन देण्याची दक्षता घ्यावी.

त्याचप्रमाणे लोह, ब-१२, ड जीवनसत्त्व व चुना यांची पूरके सामान्यतः आयुष्यभर घ्यावी लागतात. मुळातच रक्तक्षय असणाऱ्या आपल्या स्त्रियांच्या बाबतीत लोहाची गोळी चुकविणे परवडणारे नाही. लोहाची व चुन्याची गोळी एकाच वेळी घेऊ नये; दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवावे व लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये.

सण, उपवास आणि पाहुणचार

पथ्य मोडते ते बहुधा भुकेने नव्हे, प्रेमाने. पोळ्याची पुरणपोळी, संक्रांतीचा तिळगूळ, लग्नघरची बुंदी आणि दारी आलेल्या पाहुण्यास दिलेला गोड चहा नाकारणे आपल्याकडे अवघड असते. अशा प्रसंगी तोंडाला लावण्यापुरता घास, तोही जेवणाच्या शेवटी घ्यावा. रिकाम्या पोटी गोड घेऊ नये. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी व रताळे यांऐवजी दही, शेंगदाणे व थोडी भगर घ्यावी. शस्त्रक्रियेनंतर निर्जळी उपवास करूच नये. ताडी व मोहाची दारू यांबाबत तर स्पष्ट नकारच हवा. जठर लहान झाल्यावर मद्य फार लवकर व अधिक प्रमाणात रक्तात चढते आणि रक्तातील शर्कराही खाली नेते.

त्वरित रुग्णालयात केव्हा जावे

पुढील चिन्हे डंपिंगची समजून घरी थांबू नये : न थांबणारी तीव्र पोटदुखी, ताप व नाडीचा जलद वेग, सतत उलट्या, विशेषतः पाणीही पोटात न ठरणे, काळी किंवा रक्तमिश्रित शौच, बरगडीखाली उजव्या बाजूस वारंवार दुखणे व कावीळ, तोल जाणे किंवा दिसण्यात बिघाड, बेशुद्धी. आदिलाबाद येथे २००८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. दूरच्या शहरातील शस्त्रवैद्यापर्यंत पोहोचण्याची वाट न पाहता प्रथम तेथे किंवा नजीकच्या शासकीय रुग्णालयात जावे. शस्त्रक्रियेचा प्रकार व दिनांक लिहिलेला कागद नेहमी जवळ बाळगावा. बायपास की स्लीव्ह, एवढे एक अक्षर कळले तरी डॉक्टरांचा बहुमोल वेळ वाचतो.

सर्वांचे सहकार्य

या पथ्याचा भार एकट्या रुग्णाने वाहावयाचा नाही. घरच्यांनी ‘एवढेसे खाऊन कसे भागेल’ हा आग्रह सोडावा. कार्यालयप्रमुखांनी अशा कर्मचाऱ्यास सकाळी अकरा व दुपारी चारच्या सुमारास मूठभर शेंगदाणे खाण्याची मोकळीक द्यावी आणि बैठकीत बिनसाखरेचा चहा मागणे कोणास संकोचाचे वाटू नये. शिक्षकांनी भोवळ येण्याची कारणे मुलांना समजावून सांगावीत. घरी आई किंवा वडील घामाघूम होऊन असंबद्ध बोलू लागले तर काय करावे, हे दहा वर्षांच्या मुलासही शिकविता येते. आरोग्यसेविका व आशा कार्यकर्त्यांनी गावातील अशा रुग्णांची गोळ्यांबाबत व वजनाबाबत अधूनमधून विचारपूस करावी. वजन कमी होणे ही आनंदाची गोष्ट. परंतु अशक्तपणा व केस गळणे यांसह ते झपाट्याने घटत असेल, तर तपासणी आवश्यक आहे.

शस्त्रक्रियेने जठर लहान होते. परंतु त्या जठरात काय, किती आणि कोणत्या क्रमाने घालावयाचे, हे दररोज घरातील ताटच ठरविते. पाऊण भाकरी, वाटीभर घट्ट डाळ, पालेभाजी आणि अर्ध्या तासानंतर पाणी, एवढ्या साध्या शिस्तीने पुष्कळ त्रास टळतो. तिला ना मोठा खर्च लागतो, ना परगावचे अन्न. आपल्या शिवारात जे पिकते, त्याचाच योग्य विनियोग करावयाचा आहे.